बाह्य दुवे लिहिताना: एचटीटीपी, एचटीटीपीएस की नुसत्या दोन तिरक्या रेषा?

घाटवाट (धागाकर्ती)

मराठी विकिपीडियावरील सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या लेखांचे संदर्भ तपासण्याचे काम मी गेले काही महिने सवडीने करीत आहे. या कामात मजकुरापेक्षा दुव्यांनीच मला अधिक अडवले. एकाच संस्थेच्या संकेतस्थळाकडे जाणारे दुवे एका लेखात 'एचटीटीपी'ने (साध्या जोडणीने) सुरू होतात, दुसऱ्या लेखात 'एचटीटीपीएस'ने (सुरक्षित जोडणीने), आणि काही जुन्या लेखांत तर आरंभी काहीच नसते. नुसत्या दोन तिरक्या रेषा आणि त्यांच्यापुढे पत्ता. तिन्ही दुवे टिचकी मारल्यावर उघडतात, त्यामुळे यात बिघडले काय, असे कोणालाही वाटेल. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते.

आता मात्र माझे मत बदलले आहे आणि ते इथे मांडून आपल्याशी चर्चा करावी, म्हणून हा धागा काढला आहे. वाचकाला लेखात दिसतात ती दुव्याची निळी अक्षरे. त्यामागचा पत्ता तो क्वचितच पाहतो. म्हणजे त्या पत्त्याच्या आरंभी काय लिहायचे, हा निर्णय संदर्भ देणारा वाचकाच्या वतीने घेत असतो, आणि वाचकाला त्याची गंधवार्ताही नसते. साध्या एचटीटीपीने पाठवलेली विनंती आणि तिचे उत्तर हे दोन्ही वाचकाच्या फोनपासून दूरच्या सर्व्हरपर्यंत, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या यंत्रापर्यंत, उघडे जातात. एसटी स्थानकावरील फुकटचे वाय-फाय चालवणारा, इंटरनेट सेवा पुरवणारी कंपनी आणि मधल्या वाटेवरचा कोणीही ते वाचू शकतो आणि, जे अधिक गंभीर आहे, ते बदलूही शकतो. एचटीटीपीएसमध्ये मजकूर कूटबद्ध होतो, वाटेत तो बदलल्यास ते ध्यानात येते, आणि समोरचा सर्व्हर खरोखरच त्या नावाचा आहे याची त्रयस्थ संस्थेने दिलेल्या डिजिटल प्रमाणपत्रावरून खात्री करून घेता येते. वाचक कोणत्या संकेतस्थळावर गेला एवढे नाव तेव्हाही बाहेर कळू शकते, परंतु त्याने तिथले कोणते पान वाचले ते कळत नाही. किल्ल्याच्या लेखाबाबत हा फरक किरकोळ वाटेल. एचआयव्ही, गर्भपात किंवा एखाद्या दंगलीवरील लेखाचे संदर्भ उघडणाऱ्या वाचकासाठी तो किरकोळ नसतो. दुव्याचा नियम तर सर्व लेखांना एकच असणार.

माझे दोन प्रश्न आहेत. नवे दुवे देताना कोणते रूप वापरावे? आणि जुन्या हजारो दुव्यांचे काय करावे: सांगकाम्या (आपोआप संपादने करणारी आज्ञावली) चालवून सगळे एकदम बदलावेत, हाताने एकेक तपासावेत, की जसे आहेत तसेच राहू द्यावेत?

जुनी_वही

चालता दुवा हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते आळसातून आलेले नाही. संदर्भ देणाऱ्याने त्या दिवशी जो पत्ता प्रत्यक्ष उघडून पाहिला, तोच त्याने लिहिला आहे. आपण तो न उघडता बदलला, तर ज्याची खात्री कोणीच केलेली नाही असा पत्ता संदर्भ म्हणून उभा राहतो. शिवाय प्रत्येक बदलामुळे लेखाच्या इतिहासात एक आवृत्ती वाढते आणि ज्यांच्या पहाऱ्याच्या सूचीत तो लेख आहे त्या सर्वांना ती पाहावी लागते. एका अक्षरासाठी शेकडो जणांचे लक्ष वेधणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ज्या संकेतस्थळांना सुरक्षित जोडणी हवी असते ती स्वतःच वाचकाला जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवतात. आपण एचटीटीपी लिहिले तरी ब्राउझर शेवटी एचटीटीपीएसवरच पोहोचतो. मग आपण हा आटापिटा का करावा?

तारयंत्र

जुनी_वही यांचा पहिला आक्षेप मला मान्य आहे. दुसऱ्यात मात्र एक खाच आहे, आणि संपूर्ण प्रश्न त्या खाचेतच दडलेला आहे. मी पुण्यात नेटवर्कचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वळवण्याचा निरोप देतो तो दूरचा सर्व्हर. तो निरोप वाचकापर्यंत येण्यासाठी वाचकाची पहिली विनंती आधी त्या सर्व्हरपर्यंत जावी लागते, आणि आपण एचटीटीपी लिहिले असेल तर ती पहिली विनंती आणि तिचे उत्तर उघड्यानेच जाऊ-येऊ शकते. वाटेत बसलेल्या माणसाला एवढी फट पुरते. त्याने वळवण्याचा निरोप गिळून टाकावा, सर्व्हरशी स्वतः सुरक्षितपणे बोलावे आणि वाचकाला मात्र साध्या जोडणीवरच ठेवावे. वाचकाला पान नेहमीसारखेच दिसते. सुरक्षा-संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २००९ साली 'एसएसएलस्ट्रिप' नावाचे साधन सादर करून हे किती सोपे आहे ते सर्वांसमोर दाखवले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, एरिक बटलर यांनी 'फायरशीप' हे फायरफॉक्सचे विस्तारक प्रसिद्ध केले. ते वापरून उघड्या वाय-फायवर शेजारी बसलेल्या माणसाचे फेसबुकवरचे चालू सत्र (त्याने केलेला प्रवेश) एका टिचकीत ताब्यात घेता येत असे. त्या काळात पुष्कळ संकेतस्थळे फक्त प्रवेशाचे पान सुरक्षित ठेवीत आणि पुढची सगळी पाने उघडी. फायरशीपमुळे त्या अर्धवट व्यवस्थेची लाज वाटू लागली.

यावर उपाय म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये 'एचएसटीएस' हे मानक आले. त्यात सर्व्हर ब्राउझरला सांगतो की, यापुढे अमुक काळ माझ्याकडे एचटीटीपीएसनेच यायचे. मग दुव्यात काहीही लिहिलेले असो, ब्राउझर विनंती पाठवण्याआधीच स्वतः तिचे रूप बदलतो. पण हा निरोपही पहिल्या भेटीतच मिळतो, म्हणजे पहिली भेट पुन्हा उघडीच. त्यासाठी काही संकेतस्थळांची नावे ब्राउझरमध्ये आधीच भरलेली असतात. विकिपीडिया त्या यादीत आहे. आपण ज्यांचे संदर्भ देतो ती स्थानिक इतिहास मंडळांची, महाविद्यालयांची, छोट्या प्रकाशकांची संकेतस्थळे बहुधा त्या यादीत नसतात. ज्यांना संरक्षण सर्वांत कमी आहे, त्यांच्याच बाबतीत आपण लिहिलेल्या दुव्याचे महत्त्व सर्वांत जास्त आहे.

मजकूर वाटेत बदलला जातो, ही कल्पनेतली भीती नाही. जून २०१५ मध्ये भारतातील एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या थ्री-जी जोडणीवर ग्राहकांच्या पानांत परस्पर जावास्क्रिप्ट (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारी आज्ञावली) घुसवली जात असल्याचे उघडकीला आले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये तर चीनच्या हद्दीत वाटेवर बसवलेल्या यंत्रणेने बायडू या चिनी शोधयंत्राच्या असुरक्षित स्क्रिप्टऐवजी स्वतःची स्क्रिप्ट वाचकांच्या ब्राउझरकडे धाडली आणि त्या ब्राउझरांनी गिटहब या आज्ञावली साठवण्याच्या संकेतस्थळावर विनंत्यांचा मारा केला. हे वाचक प्रामुख्याने चीनबाहेरचे होते. आपल्या संगणकाचा हत्यार म्हणून वापर होत आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्या पानांतील स्क्रिप्टच्या पत्त्यात एक 'एस' असता, तर तो मार्ग बंद झाला असता.

घाटवाट

तारयंत्र, पहिल्या विनंतीचा मुद्दा आपण इतका स्वच्छ मांडलात की माझाच अर्धा प्रश्न सुटला. नुसत्या दोन तिरक्या रेषांचे रूप कुठून आले, हे जुन्या सदस्यांपैकी कोणी सांगू शकेल का? मला ते आधी टंकनदोषच वाटले होते.

चावडीवरचा

तो टंकनदोष नाही. एके काळी तेच सर्वांत शहाणपणाचे रूप होते.

२०११ पर्यंत विकिपीडिया सुरक्षित जोडणीने वाचायचा असेल, तर वेगळ्याच पत्त्यावर जावे लागे. 'सिक्युअर डॉट विकिमीडिया डॉट ओआरजी' असे त्या दाराचे नाव होते आणि त्यापुढे प्रकल्पाचे नाव, भाषेचा संकेत, मग लेख. नेहमीच्या पत्त्याशी त्याचे काही साम्य नसे. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्व प्रकल्पांच्या नेहमीच्या पत्त्यांवरच एचटीटीपीएस मिळू लागले. मग प्रश्न उभा राहिला की, एकच पान काही वाचक साध्या जोडणीने आणि काही सुरक्षित जोडणीने पाहणार, तर पानातील दुवे कसे लिहायचे? प्रत्येक पानाच्या दोन प्रती साठवणे परवडणारे नव्हते. म्हणून आरंभीचा भाग गाळून दोन तिरक्या रेषांनी सुरू होणारे दुवे आले: वाचक ज्या पद्धतीने आला असेल तीच पद्धत पुढच्या पत्त्याला लावायची. चित्रे, शैलीपत्रके, इतर भाषांतील लेखांचे दुवे हे सगळे एका प्रतीत भागले.

त्यानंतर दिवस पालटले. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतीची कागदपत्रे उघड केली. जुलैत प्रसिद्ध झालेल्या 'एक्सकीस्कोर' या पाळत-प्रणालीच्या सादरीकरणात, साध्या एचटीटीपीवरील रहदारीत रस का आहे हे सांगताना, इतर संकेतस्थळांच्या बरोबरीने विकिपीडियाचे बोधचिन्हही होते. ते चित्र पाहून मला बसलेला धक्का आजही आठवतो. आपण ज्ञानकोश लिहितो आहोत आणि तो कोण वाचतो हे कोणीतरी टिपून ठेवते आहे, ही जाणीवच अस्वस्थ करणारी होती. ऑगस्ट २०१३ मध्ये प्रवेश केलेल्या सदस्यांसाठी एचटीटीपीएस सुरू झाले, मात्र चीन आणि इराण यांना त्यातून वगळावे लागले, कारण तिथे सुरक्षित जोडणीच अडवली जात होती आणि सक्ती केली असती तर त्या सदस्यांना संपादनच करता आले नसते. अखेर १२ जून २०१५ रोजी विकिमीडिया प्रतिष्ठानाने सर्व वाचकांसाठी एचटीटीपीएस आणि एचएसटीएस लागू करीत असल्याचे जाहीर केले.

त्या दिवसापासून दोन तिरक्या रेषांचे काम संपले. आता विकिपीडियावरचा प्रत्येक वाचक एचटीटीपीएसनेच आलेला असतो, म्हणजे हे रूप लिहिणे म्हणजे आडवळणाने एचटीटीपीएसच लिहिणे. लाभ काही उरला नाही, तोटे मात्र राहिले. लेख संगणकावर उतरवून घेऊन उघडला, तर ब्राउझर त्या दुव्याचा शोध संगणकाच्या कप्प्यांत घेऊ लागतो. विपत्रात किंवा मजकुराच्या साध्या धारिकेत चिकटवला तर तो दुवा म्हणून ओळखलाच जात नाही. आपले लेख इंटरनेट नसलेल्या शाळांतही वाचले जातात आणि छापलेही जातात. तिथे पूर्ण पत्ताच हवा. त्यामुळे हे रूप जिथे दिसेल तिथे, अर्थात दुवा उघडून पाहून, एचटीटीपीएस करावे असे मी सुचवतो.

ग्रंथसूची

सांगकाम्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे, पण जुनी_वही यांच्यापेक्षा निराळ्या कारणाने. 'एचटीटीपी'ने सुरू होणारी प्रत्येक अक्षरमाळा हा दुवा नसतो.

काही वेळा ती निव्वळ नाव असते. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या जुन्या मानकांत नामावकाश (धारिकेतील खुणा कोणत्या संचातल्या हे सांगणारे नाव) दाखवण्यासाठी जे पत्ते लिहितात, उदाहरणार्थ वेबपाने लिहिण्याच्या एक्सएचटीएमएल या भाषेचा १९९९ हे वर्ष असलेला पत्ता, ते ब्राउझरने उघडावेत म्हणून लिहिलेले नसतात. आज्ञावली ती अक्षरे जशीच्या तशी जुळवून पाहते. त्यांत 'एस' घातला की ते दुसरे नाव होते आणि धारिका ओळखली जात नाही. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड माहितीसाठ्यातील प्रत्येक वस्तूचा अधिकृत ओळख-पत्ताही आजतागायत एचटीटीपीचाच आहे. विकिडेटाचे पान आपण एचटीटीपीएसने वाचतो, पण बाहेरच्या माहितीसाठ्यांत त्या वस्तूचा उल्लेख करताना जुने रूपच लिहायचे असते, कारण जगभरच्या साठ्यांत ते तसेच नोंदलेले आहे. नाव आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराचा पत्ता बदलला म्हणून कोणी माणसाचे नाव बदलत नाही.

शोधनिबंधांच्या डीओआयची (कायमच्या ओळख-क्रमांकाची) कथा याच्या उलट आहे. तिथे क्रमांक हे नाव आणि त्याआधीचा भाग हा पत्ता. पूर्वी तो 'एचटीटीपी' आणि 'डीएक्स डॉट डीओआय डॉट ओआरजी' असा लिहीत. २०१७ पासून क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेने 'एचटीटीपीएस' आणि 'डीओआय डॉट ओआरजी' असे लिहिण्याची शिफारस केली. जुने रूपही चालूच ठेवले आहे. तेव्हा निबंधांचे संदर्भ निःशंकपणे बदलावेत; अधिक चांगले म्हणजे साच्यात (संदर्भ भरण्याच्या तयार चौकटीत) फक्त क्रमांक द्यावा, पत्ता साचाच तयार करतो. उद्या पत्त्याचे रूप पुन्हा बदलले तर एका साच्यात बदल करून भागेल, हजार लेख उघडावे लागणार नाहीत.

जतन केलेल्या पानांच्या दुव्यांत मात्र एकात एक असे दोन पत्ते असतात. जुनी वेबपाने जतन करणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हचा बाहेरचा पत्ता एचटीटीपीएस करावा. ती संस्था ऑक्टोबर २०१३ पासून तेच रूप वापरते. आतला, म्हणजे मूळ पानाचा पत्ता, त्या दिवशी जसा होता तसाच ठेवावा. त्या संस्थेचे वेबॅक यंत्र (जतन केलेली पाने दाखवणारी सेवा) शोध घेताना एचटीटीपी आणि एचटीटीपीएस यांत भेद करीत नाही, त्यामुळे बदलून पान सापडायचे थांबणार नाही. पण आतला पत्ता हा इतिहासाचा भाग आहे, आणि इतिहासात आपण सुधारणा करू नये.

तालुका_वाचनालय

मी एका तालुक्याच्या गावातील वाचनालयात काम करते. इथली चर्चा वाचून माझ्या समोर बसणारे वाचक डोळ्यांसमोर आले, म्हणून लिहीत आहे.

आमच्याकडच्या दोन संगणकांतील छोटा सेल उतरला आहे. वीज गेली की त्यांची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. प्रमाणपत्राला आरंभाची आणि शेवटाची तारीख असते, त्यामुळे त्या दिवशी एकही सुरक्षित पान उघडत नाही आणि 'तुमची जोडणी खाजगी नाही' असा लाल इशारा येतो. मुले घाबरून संगणक बंद करतात. तारीख दुरुस्त करायला मी आता सर्वांना शिकवले आहे, पण प्रत्येक ठिकाणी शिकवणारे कोणी असतेच असे नाही. जुन्या फोनांचेही तसेच. आज असंख्य छोटी संकेतस्थळे लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रे वापरतात. ज्या फोनात अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीची आवृत्ती आहे, तो त्या संस्थेचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर तिची बाकीची प्रमाणपत्रे खरी मानली जातात) ओळखत नाही. दुसऱ्या एका जुन्या मुळाचा आधार देऊन त्यांनी हे फोन काही वर्षे चालते ठेवले होते. ती सोय २०२४ मध्ये संपली. अशा फोनवर मी फायरफॉक्स घालून देते, कारण तो ब्राउझर विश्वासू मुळांची यादी फोनची न वापरता स्वतःसोबत आणतो.

आणखी एक गोष्ट. वेबतज्ज्ञ एरिक मेयर यांनी २०१८ साली युगांडाच्या ग्रामीण भागातील शाळेचा अनुभव लिहिला होता. तिथले इंटरनेट उपग्रहावरून येणारे, संथ आणि महाग. एकदा आलेले पान शाळेतल्याच यंत्रावर साठवून पुढच्या मुलांना तिथूनच देता येई. सगळी संकेतस्थळे एचटीटीपीएसवर गेल्यावर मधल्या यंत्राला पान दिसेनासे झाले आणि साठवणही थांबली. मी सुरक्षित दुव्यांच्या विरोधात नाही. परंतु 'एस' लावल्याने कोणाचेच काही बिघडत नाही, असे कोणी म्हणू नये एवढीच विनंती आहे.

तारयंत्र

तालुका_वाचनालय यांनी लिहिलेले अक्षरशः खरे आहे आणि आमच्या क्षेत्रातील लोक ते सहज विसरतात. माझे म्हणणे इतकेच की, यांतील बहुतेक अडचणी आपल्या दुव्यामुळे निर्माण होत नाहीत. समोरचे संकेतस्थळ वाचकाला एचटीटीपीएसवर वळवीत असेल, तर जुना फोन दोन्ही रूपांत अडणारच. फरक पडतो तो फक्त दोन्ही रूपे स्वतंत्रपणे चालवणाऱ्या संकेतस्थळांबाबत, आणि तिथे मी तरीही सुरक्षित रूप निवडेन. तारीख चुकलेला वाचक विकिपीडियावरचा मूळ लेखही उघडू शकत नाही, मग त्यातील दुव्यापर्यंत तो पोहोचणारच नाही.

जुनी_वही

पहिल्या विनंतीबाबत माझी समजूत अपुरी होती, हे मान्य करतो. तरीही आंधळेपणाने 'एस' जोडू नये या मुद्द्यावर मी ठाम आहे. काल रात्री माझ्याच जुन्या लेखांतील काही दुवे हाताने तपासले, त्यांत जे आढळले ते सांगतो.

एका गावाच्या इतिहासाचे संकेतस्थळ एचटीटीपीने व्यवस्थित उघडते. त्याच पत्त्याला 'एस' लावला तर प्रथम प्रमाणपत्र भलत्याच नावाचे असल्याचा इशारा येतो आणि तो ओलांडून पुढे गेले की एका अनोळखी दुकानाचे पान समोर येते. एका यंत्रावर अनेक संकेतस्थळे ठेवणाऱ्या स्वस्त सेवांमध्ये असे घडते. साध्या जोडणीचे दार ८० क्रमांकाचे, सुरक्षित जोडणीचे ४४३ क्रमांकाचे. ४४३ वर त्या गावाचे काहीच मांडलेले नसते, म्हणून यंत्र हाताशी असलेले पहिले संकेतस्थळ दाखवते. सांगकाम्याने फक्त 'उत्तर आले की नाही' एवढेच पाहिले असते आणि प्रमाणपत्राकडे दुर्लक्ष केले असते, तर शिवकाळातील बाजारपेठेच्या वाक्याला त्या दुकानाचा संदर्भ लागला असता. दुसऱ्या एका ठिकाणी मुखपृष्ठ सुरक्षित रूपात उघडते, आतली जुनी पाने मात्र सापडत नाहीत. तिसऱ्याचे प्रमाणपत्र मुदत संपून गेलेले आहे.

ज्या पत्त्यावर वाचकाला लाल इशारा दिसतो, तो दुवा त्याच्या दृष्टीने मेलेलाच असतो. असुरक्षित पण उघडणारा संदर्भ आणि सुरक्षित म्हणून लिहिलेला पण न उघडणारा संदर्भ, यांत मी पहिला निवडेन, कारण संदर्भाचे पहिले काम विधान तपासता येणे हे आहे.

सावध_वाचक

एका गैरसमजाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. आपण 'सुरक्षित दुवा' म्हणतो तेव्हा अनेक वाचकांना तिथला मजकूर खरा किंवा तो माणूस प्रामाणिक, असे वाटते. आमच्या सोसायटीतील एका ज्येष्ठ गृहस्थांना वीजबिल थकल्याचा खोटा संदेश आला होता. त्यांनी मला फोनवर सांगितले की, पत्त्याच्या आरंभी कुलूप होते म्हणून मी क्रमांक भरला. फसवणाऱ्यालाही मोफत प्रमाणपत्र मिळते. ते प्रमाणपत्र एवढेच सांगते की, तुम्ही त्या नावाच्या सर्व्हरशी बोलत आहात. त्या नावामागे चोर आहे की साव, हे ते सांगत नाही. याच गैरसमजामुळे क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचे चिन्ह काढून टाकले आणि त्या जागी साधे सेटिंग्जचे चिन्ह आणले. उलट जुलै २०१८ पासून एचटीटीपीच्या प्रत्येक पानावर तो 'सुरक्षित नाही' असे लिहितो. सुरक्षितता ही विशेष गोष्ट न राहता तिचा अभाव तेवढा सांगायचा, ही दिशा मला योग्य वाटते.

प्रमाणपत्रे देणाऱ्यांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र निघाले आणि इराणमधील वाचकांवर ते वापरले गेले. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-व्यवस्थेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले होते. हे सांगण्याचा हेतू एचटीटीपीएस निरुपयोगी ठरवण्याचा नाही. ते किती सांगते आणि किती सांगत नाही, हे आपल्या नियमाच्या पानावर मराठीत लिहिले गेले पाहिजे.

तारयंत्र

अशा घटनांनंतरच दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद सार्वजनिक वहीत करण्याची पद्धत रुजली, आणि ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी क्रोमने ती सक्तीची केली. खोटे प्रमाणपत्र काढणे आता अशक्य नसले तरी ते लपून राहणे फार अवघड झाले आहे.

अंकाचे_पान

थोडे बाजूचे, पण उपयोगी. आम्ही काही मित्र जुन्या कीर्तनांचे ध्वनिमुद्रण जालावर ठेवतो. आमचे पान एचटीटीपीएसवर नेले आणि त्यातील ध्वनिफिती वाजेनाशा झाल्या, कारण त्या ज्या यंत्रावर होत्या तिथे एचटीटीपीएस नव्हते. क्रोम २०२० पासून सुरक्षित पानातील ध्वनी आणि चित्रफितींचे पत्ते स्वतःच एचटीटीपीएस करून पाहतो आणि तसे ते मिळाले नाहीत तर वाजवत नाही. टिचकी मारून बाहेर जाण्याच्या दुव्याला ही अडचण येत नाही. पानाच्या आत ओढून आणलेल्या वस्तूला येते. स्वतःची पाने चालवणाऱ्यांनी आधी आतल्या वस्तूंचे पत्ते पाहावेत, मग पान हलवावे.

घाटवाट

आपण सर्वांनी दिलेल्या वेळाबद्दल मनापासून आभार. किल्ल्यांच्या लेखांपुरता मी पुढीलप्रमाणे वागण्याचा निर्णय घेतला आहे. आक्षेप असल्यास अवश्य सांगावेत.

नवा दुवा देताना प्रथम एचटीटीपीएसने उघडून पाहीन. इशाऱ्याविना तेच पान, त्याच मजकुरासह उघडले तर तेच रूप लिहीन. उघडले नाही तर एचटीटीपी लिहीन, आणि त्याच वेळी पान जतन करून त्या प्रतीचा एचटीटीपीएस दुवा साच्यात शेजारी देईन, म्हणजे मूळ दुवा असुरक्षित असला तरी वाचकाला एक सुरक्षित वाट राहील. हा उपाय मला ग्रंथसूची यांचा प्रतिसाद वाचताना सुचला आणि जुनी_वही यांच्या गावाच्या संकेतस्थळाला तो चपखल लागू पडतो. नुसत्या दोन तिरक्या रेषा कुठेही ठेवणार नाही.

जुन्या दुव्यांसाठी मात्र स्वतंत्र मोहीम काढणार नाही. एखाद्या लेखात अन्य कारणाने संपादन करायचे असेल, तेव्हाच त्यातील दुवे तपासून त्याच आवृत्तीत बदलेन. त्यामुळे पहाऱ्याच्या सूचीवर वेगळा भार पडणार नाही. सांगकाम्याचा वापर फक्त अशा संकेतस्थळांपुरता व्हावा, ज्यांची सर्व पाने सुरक्षित रूपात मिळतात हे माणसाने आधी पडताळले आहे: इंटरनेट अर्काइव्ह, डीओआय आणि अशीच मोजकी. त्यालाही नामावकाश आणि विकिडेटाचे ओळख-पत्ते वगळण्याची सूचना द्यावी लागेल. मराठी विश्वकोशाच्या दुव्यांना तर सांगकाम्या लावूच नये असे माझे मत आहे. तिथे केवळ 'एस'चा प्रश्न नाही. कोशाचे डोमेनच काळानुसार बदलत गेले आहे आणि प्रत्येक नोंद तिच्या शीर्षकावरून नव्याने शोधून लावावी लागते. ते काम हातानेच होईल, आणि विश्वकोशाचे संदर्भ आपल्या लेखांत इतके आहेत की त्यासाठी निराळा धागा काढावा लागेल.

जुनी_वही

हा नियम मला मान्य आहे. रायगड जिल्ह्यातील किल्ल्यांचे लेख माझ्याकडे द्यावेत. त्या गावाच्या संकेतस्थळाच्या पानांची प्रत आजच जतन करून साच्यात लावली आहे. मूळ दुवा एचटीटीपीचाच ठेवला आहे. संकेतस्थळ चालवणाऱ्या शिक्षकांना मी विपत्र पाठवून मोफत प्रमाणपत्र कसे लावायचे, मुदत संपण्याआधी ते आपोआप नवे कसे होते, आणि ४४३ च्या दारात सध्या दुसऱ्याचेच दुकान दिसते आहे, हे सविस्तर कळवले आहे. त्यांचे उत्तर आले की मूळ दुवा पुन्हा तपासेन आणि इथे कळवेन.